स्वप्नात प्यालेला सोडा

१

सुट्टीनंतरची सकाळ गोदामात नेहमीच पेंगुळलेली उगवायची. उंच छपरातल्या धुरकट काचांमधून उजेड खाली यायचा तो पाण्यातून उतरल्यासारखा, हलत हलत. पार्सलांचा पट्टा सुरू होताना अशी लांब घरघर करायचा की ती जांभईसारखी माणसांनाही लागायची. त्या दिवशीही पट्टा घरघरला, माणसं आपापल्या गाड्यांपाशी गेली, आणि थोड्याच वेळात सात नंबरच्या धक्क्यावरून आरोळी आली.

"नाना! अहो नाना, उठा ना!"

आवाज खांब्याचा होता. हा पोरगा उंचीला असा की वरच्या थरातली खोकी त्याला शिडीशिवाय रचता यायची, म्हणून सगळे त्याला खांब्या म्हणत. तो आणि नाना सात नंबरचे जोडीदार. खालचे थर नानांनी बसून लावायचे, वरचे खांब्याने उभ्याने.

तक्रारताईने हातातलं पार्सल तिथेच टेकवलं आणि धावली. ती स्वतः पाच नंबरला गाडी भरायची, पण युनियनने तक्रारींचं काम तिच्या गळ्यात घातल्यापासून तिचं खरं नाव लोक विसरले होते. कुणाचा हात चेंगरला, कुणाची पाळी न विचारता बदलली, की पहिली हाक तिलाच.

गाडीच्या अगदी आतल्या टोकाला नाना कुशीवर पडले होते. गाल एका पांढऱ्या खोक्याला टेकलेला. चेहऱ्यावर हसू. पण छाती मात्र भात्यासारखी वरखाली होत होती. माणूस झोपेत संथ श्वास घेतो. नाना झोपेत पळत असल्यासारखे धापा टाकत होते.

खांब्याने त्यांना लहान मुलासारखं उचललं आणि बाहेर उघड्यावर आणलं. वाऱ्याने त्यांचे डोळे किलकिले झाले.

"हाक कशाला मारलीत?" ते पुटपुटले. "आलोच असतो की मी."

"झोपा काढायला जागा बरी सापडली!" मागून मुकादम गरजले. त्यांनी नानांच्या उशाचं खोकं रागाने बाजूला ओढलं आणि थबकले. खोकं हातात हलकं लागत होतं. त्यांनी ते काट्यावर नेलं. आत येताना छापलेलं वजन एक, आता भरलेलं वजन दुसरं, बरंच कमी. शेजारची खोकी नेली, तीही तशीच.

दुपारपर्यंत निकाल लागला. कामावर झोप आणि मालाची चोरी. नानांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं, आणि सात नंबरच्या गाडीला पुरावा म्हणून कुलूप लागलं.

तक्रारताईने अर्ज लिहायला घेतला. कोणावर अन्याय, काय अन्याय, काय मागणी. सहीसाठी तो नानांपुढे धरला, तर त्यांनी हात मागे घेतला.

"नको लिहूस पोरी. मी खरंच झोपलो होतो. आणि तुला म्हणून सांगतो, मला उठायचंच नव्हतं."

२

सही नाही म्हणजे तक्रार नाही. कामावरून सुटल्यावर ती तशीच नानांच्या घरी गेली.

एकच खोली, पण लख्ख. खिडकीत वाळत घातलेला कामाचा सदरा संध्याकाळच्या वाऱ्यात आपल्याआपण हात हलवत होता. नानांची लेक दार उघडतानाच फणफणत होती.

"तुम्हीच काय ते सांगा यांना. निवृत्ती तोंडावर आली, आणि वर चोर म्हणून बाहेर पडायचं? माझ्या सासरी मी काय तोंड दाखवू? हे आपले हसत बसलेत!"

नाना खरंच हसत होते, पण कपाळ दाबून धरून. "डोकं ठणकायचं काही थांबत नाही सकाळपासून," ते म्हणाले. मग लेक आत पाणी आणायला गेली तसे हळूच पुढे वाकले. "हिची आई आली होती गं. गेल्यापासून एकदाही स्वप्नात आली नव्हती. लोकांना दिसतात आपली माणसं, मला कधी कुणी दिसत नाही. आणि त्या गाडीत आली."

"सांगा ना, कशी आली?"

"उतार होता. पांढरा, ढगासारखा. घोट्यापर्यंत गार. ती पुढे पळत होती, मी मागे. दम लागला, छाती फुटायला आली, तरी पळत होतो. खाली उतरलो तर ती बसलेली. माझ्यापुढे सोड्याची बाटली धरली. आम्ही नवे नवे फिरायला जायचो ना, तेव्हा एकच घ्यायचो दोघांत. मी प्यालो. जिभेला अशी मस्त आंबट चुरचुर आली..." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "जागा झालो तरी ती चव होती बघ."

तक्रारताईने आजवर कितीतरी साक्षी लिहून घेतल्या होत्या. खोट्या साक्षी गुळगुळीत असतात, हे तिला ठाऊक होतं. ही साक्ष स्वप्नातली होती, पण तिला खडे होते. गार पाय. धाप. आंबट चव, आणि तीही जाग आल्यावर उरलेली.

जिना उतरताना ती एका पायरीवर थांबली. स्वप्नातला सोडा जिभेवर राहतो कसा?

३

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने आधी काटेवाली गाठली. काटेवाली म्हणजे आलेलं प्रत्येक पार्सल वजन करून पट्ट्यावर सोडणारी बाई, बोलायला तिखट.

"माझ्या काट्यावर बोट दाखवायला आली असशील तर आल्या पावली परत जा."

"काट्यावर नाही गं. हलकी झालेली खोकी कुठली होती?"

"सगळी एका ठिकाणची. त्या प्रयोगशाळेची. पांढरी, जाड भिंतीची, हात लावला की गार. दर आठवड्याला येतात." मग तिचा आवाज खाली आला. "आणि एक सांगू? चिकटपट्टी कुठेच फाटलेली नव्हती. मी स्वतः बघितलं. चिकटपट्टी न उघडता माल काढणारा चोर असेल, तर त्याला जादूचे प्रयोग लावायला सांग."

मुकादमांपाशी ती सावध गेली. नाना आणि मुकादम म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. मुकादम पट्ट्याजवळ उभे राहून वेगाच्या फलकाकडे बघत होते. कोणती जोडी किती वेगाने गाडी भरते, ते त्या फलकावर दिवसभर झळकायचं. मागे पडणाऱ्यांची नावं लाल.

"मला खलनायक करू नका बाई," ते म्हणाले. "म्हातारा महिन्यापूर्वी लाल रंगात होता, मी काढला का त्याला? उलट हल्ली तर त्यांची जोडी वर चढली होती. मलाच नवल वाटलं."

"नाना? आणि वेग वाढला?"

"फलक खोटं बोलत नाही."

तिने फलकाकडे मान वर केली. त्याच्याही वर, पट्ट्यावरून आडव्या गेलेल्या बुटक्या लोखंडी तुळईवर, काही निळे चौकोन चिकटलेले दिसले. काचेतला उजेड त्यांच्यावर पडत होता. आभाळ फाटून त्याचे तुकडे तिथे अडकावेत, तसे. ती क्षणभर बघतच राहिली, मग घंटा झाली.

परतताना वाटेत शेवटचा धक्का लागला. गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे जाळीची गाडी उभी असायची, भिंतींना पत्र्याऐवजी जाळ्या असलेली. तिचा ड्रायव्हर पायरीवर पाय सोडून बसला होता.

"काम नाही?"

"माशा मारतोय. आधी गाडी भरून जायची, हल्ली निम्मीशिम्मी. जगात निळ्या चिठ्ठीचा माल संपला वाटतं."

निळी चिठ्ठी लावलेलं पार्सल जाळीच्या गाडीत द्यायचं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. नाजूक माल, असं सांगितलं होतं. ती पुढे गेली. मनात मात्र कुठेतरी एक निळा ठिपका हलत राहिला.

४

आरोप झालेल्या माणसाच्या बाजूने पुरावा पाहायचा हक्क युनियनला होता. मुकादमांनी कुरकुरत सात नंबरचं कुलूप काढलं, आणि ते साहेबांचा फोन आला म्हणून कोपऱ्यात गेले. सोबत खांब्या आला. दोन दिवसांत त्याचा चेहरा उतरला होता.

सात नंबरच्या धक्क्यापुढची जमीन खचलेली होती, त्यामुळे गाडी इंजिनाच्या बाजूला कलून उभी राहायची. आत शिरलं की उतारावरून आपोआप टोकापर्यंत जायला व्हायचं. आत अंधूक होतं, शांत होतं. बाहेरचा पट्टा इथे दुरून येणाऱ्या नदीसारखा ऐकू येत होता.

ती उभी राहिली, काही जाणवलं नाही. खोक्यांवर हात फिरवला. पांढऱ्या खोक्यांच्या एका बाजूवर एकेक चौकोन जास्तच स्वच्छ होता, भिंतीवरून जुनं चित्र काढल्यावर राहतो तसा.

"नाना कसे बसायचे रे?"

"मांडी घालून. अगदी खाली."

ती मांडी घालून बसली. जमिनीवरून घोट्यांना गारवा लागला. बरं वाटलं. मग श्वास थोडा भरभर येऊ लागला, विनाकारण. कानांत काहीतरी ठोके देऊ लागलं. तिला वाटलं, उठावं. पण उठायचा विचार फार लांबून येत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. गाडीच्या भिंती मऊ झाल्या. कुणीतरी शाळेच्या पाठीमागच्या विहिरीत बादली सोडत होतं. दोर सरसर जात होता, आणि विहिरीतून पांढरा ढग वर येत होता, आणि त्या ढगाला चव होती...

आंबट. चुरचुरीत.

"ताई! त्या निळ्यांपाशी बसू नका! उठा!"

दोन लांब हातांनी तिला वर खेचलं. बाहेर उन्हात तिने पोटभर श्वास घेतला. डोकं ठणकत होतं, जीभ चुरचुरत होती, आणि खांब्या तिच्यापुढे उभा होता.

"बरं वाटतंय ना ताई? पाणी आणू?"

"आण," ती म्हणाली. तो पळाला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तो म्हणाला होता, निळ्यांपाशी.

पण गाडीतल्या एकाही खोक्यावर निळी चिठ्ठी नव्हती.

५

जाळीच्या गाडीचा ड्रायव्हर पूर्वी आइस्क्रीमची गाडी चालवायचा, हे तिला आठवत होतं. ती त्याच्याकडे गेली आणि एकच प्रश्न विचारला. गार खोकं, आपोआप हलकं होणारं, आणि त्याच्याजवळ बसलं की जिभेवर सोडा. काय असेल?

ड्रायव्हर पायरीवरून उठून उभाच राहिला.

"कोरडा बर्फ. तो वितळून पाणी होत नाही बाई, थेट वायू होतो. सोड्यात जो बुडबुडा असतो ना, तोच. हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. आम्हाला बजावून ठेवलं होतं, बंद गाडीत त्याच्यासोबत बसायचं नाही. आधी धाप लागते, मग गुंगी येते. मग माणूस उठत नाही." त्याने आपल्या गाडीच्या जाळीवर हात ठेवला. "अरे देवा. म्हणून ही जाळी आहे होय!"

तिच्या डोक्यात सगळं एकेक करून जागी बसलं. सुट्टीत गाडी दार लावून उभी होती. बर्फ विरत होता, वायू उताराने टोकाला जाऊन साचत होता. सकाळी दार उघडल्याबरोबर नाना थेट आत गेले आणि जिथे तो साचला होता तिथेच बसले. खांब्या उभ्याने काम करत होता, म्हणून वाचला. आणि वजन बर्फानेच नेलं होतं, चिकटपट्टीला धक्का न लावता.

उरला प्रश्न चिठ्ठ्यांचा. त्याचं उत्तर तिला नको होतं, पण ते तुळईवर सगळ्या जगाला दिसत चिकटलेलं होतं. पट्ट्याजवळ उभं राहून, हात वर करून, तिथपर्यंत पोचणारा माणूस गोदामात एकच होता.

खांब्या चहाच्या खोलीत एकटा बसला होता. कप हातात, चहा गार.

"चिठ्ठ्या तू काढल्यास," ती म्हणाली. विचारलं नाही.

त्याने मान खाली घातली. "नाना लाल रंगात गेले होते ताई. एक निळं खोकं त्या टोकाला नेऊन द्यायचं म्हणजे नानांच्या पायांना किती वेळ लागतो! तोवर इकडे पट्ट्यावर ढीग. मुकादम म्हणाले, अजून एक महिना असाच गेला तर बघू. म्हणून मी चिठ्ठी काढून वर लावून टाकायचो. नानांना कळायचंही नाही. नाजूक माल आहे असं सांगितलं होतं ना, मी नाजूकपणेच ठेवायचो." त्याचा आवाज फुटला. "नाना पडले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, ती सगळी निळी होती. मला बाप नाही ताई. आणि मी त्यांनाच..."

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बसला होता म्हणून पोचला.

आजवर तिच्यापुढे दोनच बाजू असायच्या, आपली आणि त्यांची. आता नानांना वाचवणारं सत्य याला बुडवणार होतं.

"माझ्या तोंडून तुझं नाव निघणार नाही," ती म्हणाली. "पुढचं तू ठरव."

त्या संध्याकाळी तिने नानांना सगळं सांगितलं, नाव सोडून.

"म्हणजे ती आलीच नव्हती," नाना म्हणाले. "वायू होता."

"झोप वायूने आणली नाना. झोपेत कोणाला बोलवायचं, ते वायूला कुठलं कळतंय? ते तुमचं तुम्ही ठरवलंत."

नानांनी डोळे पुसले आणि अर्जावर सही केली.

६

चौकशी साहेबांच्या खोलीत होती. साहेब, मुकादम, काटेवाली, नाना, खांब्या आणि तक्रारताई. तिने आत येतानाच दोन गोष्टी मागून घेतल्या, सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि टेबलावर छोटा काटा. काट्यावर तिने सात नंबरचं एक पांढरं खोकं ठेवायला लावलं आणि आकडा सगळ्यांना मोठ्याने वाचायला सांगितला.

"आता कुणीही त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "साहेब, तुमचं म्हणणं आधी होऊ द्या."

साहेबांचं म्हणणं लांबलचक होतं. झोप, शिस्त, विश्वास, कंपनीचं नाव. उघड्या खिडक्यांतून वारा येत होता, टेबलावरचे कागद उडू बघत होते. ते संपल्यावर ती म्हणाली, "आता आकडा वाचा."

काटेवाली पुढे झाली आणि तिचा हात तोंडावर गेला. "उतरला! बाई गं, बसल्या जागी उतरला!"

"चोर इथेच आहे," तक्रारताई म्हणाली. "आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत चोरी करतोय. आणि याच चोराने नानांना झोपवलं."

मग तिने एकेक धागा उलगडला. गार घोटे, धाप, आंबट चव, खचलेली जमीन, सुट्टीत बंद राहिलेलं दार. साहेबांनी प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडून बोलणाऱ्या बाईचा आवाज टेबलापर्यंत आला, "अहो, प्रत्येक खोक्यावर निळी चिठ्ठी लावूनच पाठवतो आम्ही! बंद गाडीत ठेवलंतच कसं?"

साहेबांनी फोन ठेवला. चेहरा पांढरा पडला होता. "नाना, मला माफ करा. तुम्ही उद्यापासून कामावर या." मग त्यांचा आवाज करडा झाला. "पण चिठ्ठ्या काढल्या कोणी? माणूस मेला असता. मला नाव हवं."

तक्रारताईने उडणारे कागद हाताखाली दाबले.

"मी काढल्या," नाना म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी एकवार खांब्याच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं, आणि बाकीचं त्यांना कळलं होतं. "चालवत नाही मला. म्हणून काढल्या आणि त्या तुळईवर लावल्या. लिहा माझं नाव."

साहेबांनी नानांची उंची बघितली. दारातून दिसणारी तुळई बघितली. काटेवालीला अशा वेळीही हसू फुटलं.

"नाना, तुमचा हात पोचायचा तर तुम्हाला तुमच्याच डोक्यावर उभं राहावं लागेल," खांब्या उठून म्हणाला. रडत होता, पण ताठ उभा होता. "मी काढल्या साहेब. का काढल्या तेही सांगतो."

त्याने सांगितलं. साहेब ऐकत होते, पण हात बडतर्फीच्या कागदाकडे गेलाच.

"थांबा," तक्रारताई म्हणाली. "त्याला काढायचं तर आधी एवढंच लिहा. निळ्या चिठ्ठीचा अर्थ त्याला कोणी सांगितला होता, आणि कधी?"

साहेबांनी मुकादमांकडे बघितलं. मुकादमांचा हात दगडाखाली होता. हो म्हटलं की सुटले असते. ते खिडकीबाहेर बघत राहिले, मग खाकरले.

"मलाच कोणी सांगितला नव्हता, साहेब. नाजूक माल, एवढंच. आणि लाल नावांना धमकावा असं वरून आलं होतं, ते मात्र अगदी नीट सांगितलं होतं."

तक्रारताईने दुसरा अर्ज टेबलावर ठेवला. वेगाच्या फलकाविरुद्ध. त्याच्याखाली पहिली सही तिने नानांची घेतली, दुसरी खांब्याची. तिसऱ्या सहीसाठी मुकादमांनी स्वतःहून पेन मागितलं तेव्हा तिने घाईघाईने आपलंच पेन पुढे केलं.

७

खांब्याला काही दिवस बिनपगारी घरी बसावं लागलं. ते त्याने मुकाट्याने मान्य केलं, आणि तेवढे दिवस तो रोज नानांच्या खोलीवर जेवला. दुसऱ्या अर्जावर वरपर्यंत भांडणं झाली. फलक पुरता गेला नाही, पण त्यातून लाल रंग गेला, आणि जाळीच्या गाडीपर्यंत माल नेण्याचा वेळ जोडीच्या वेगात धरायचा नाही असं ठरलं. गुंगी, धाप, आंबट चव यांबद्दल ड्रायव्हरने सगळ्यांना उभं करून सांगितलं, आइस्क्रीमवाल्याच्या ऐटीत.

खांब्या परत आला त्या दिवशी दुपारी पट्ट्यावरून एक पांढरं खोकं डुलत डुलत आलं. बाजूला निळी चिठ्ठी. खांब्याने हात पुढे केला, तर नानांनी त्याला कोपराने बाजूला सारलं.

"मी नेतो."

"नाना, लांब आहे."

"लांब आहे ते मला माहीत आहे. तू आलास जगात त्याच्या आधीपासून लांब आहे."

नाना खोकं छातीशी धरून निघाले. एक पाऊल, मग दुसरं. खांब्या रिकाम्या हातांनी त्यांच्या शेजारून चालू लागला, आपले ढांगभर पाय आखडून घेत. इकडे सात नंबरला पार्सलं साचू लागली. कुणीतरी ओरडणार म्हणून तक्रारताईने मान वळवली.

मुकादम खांबापाशी उभे होते. त्यांनी त्या दोन पाठींकडे बघितलं, साचत्या ढिगाकडे बघितलं, आणि हात लांब करून पट्टा बंद केला.

गोदामात एकदम शांतता झाली. सगळे हातातलं काम सोडून बघत होते. छपरातून उजेड झिरपत होता, त्यात धूळ तरंगत होती, आणि एक म्हातारा आणि एक उंच पोरगा, काहीतरी हळू हळू बोलत, त्या लांबच लांब गोदामाच्या दुसऱ्या टोकाकडे चालले होते.